सहा, सहा, सहा, चार : प्रस्तावना

या पुस्तकातले लेख घरात, शाळेत, भजनात आणि वर्तमानपत्र वाचता वाचता सुचलेले आहेत. हस्तलिखित वाचून एका जाणत्या संपादकांनी सुचवलं की त्यांचे सरळ तीन भाग करावेत. आई आणि शिक्षिका म्हणून लिहिलेलं एका भागात, गाण्याविषयीचं दुसऱ्या भागात आणि चालू घडामोडींवरचं तिसऱ्यात. ज्याला जे हवं ते तो वाचेल. सूचना आपुलकीची होती, व्यवहाराचीही होती. तरीही मी ती मानली नाही. का मानली नाही हे सांगायचं, तर मला माझ्या गावाविषयी थोडं सविस्तर लिहावं लागेल. प्रस्तावना लांबली आहे ती त्यामुळे.

मी देहूची. बाहेरगावी देहूचं नाव काढलं की समोरचा माणूस हात जोडतो आणि तुकाराम बीज किंवा पालखीविषयी विचारतो. त्याच्या मनातलं देहू खरं आहे. पण ज्या देहूत मी मुलं वाढवली आणि शिकवली, तिथे पहाटेच्या काकड्याला आणि कंपनीच्या बसला माणसं एकाच वेळी घराबाहेर पडतात. एका अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला तळेगाव, खाली निगडी, आकुर्डी, भोसरी. गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत बीड, लातूर, बुलढाण्यापासून बिहारपर्यंतची माणसं राहायला आली. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. त्यांना अभंग शिकवायचा असतो, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नदी फेसाळलेली असते, बापाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं असतं. अशा वर्गात गाणं एका खणात आणि बातमी दुसऱ्या खणात ठेवता येत नाही. मला तरी कधी जमलं नाही, आणि तसं जमवू नये असंच माझं मत आहे.

या मताला आधार आहे तो गावातच. तुकोबांचं घर महाजनकीचं, सावकारीचं. दुकान होतं, देणंघेणं होतं. १६३० च्या सुमाराला दख्खनवर जो दुष्काळ कोसळला त्यात हे घर बसलं. गुरंढोरं गेली, पत गेली. पहिली बायको रखमाबाई आणि मुलगा संतू गेला. बायको उपासमारीनं गेली हे त्यांनी स्वतः अभंगात सांगून ठेवलं आहे. तेव्हा तुकोबांचं वय विशीच्या थोडंच पुढे होतं. पुढे कर्जखतांची वाटणी झाली. भाऊ कान्होबाचा निम्मा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याचे कागद तुकोबांनी इंद्रायणीत सोडले, असं परंपरा सांगते. दुष्काळ, थकलेली वसुली, सावकारी, दिवाळं, घरातले मृत्यू. त्या वेळी वर्तमानपत्र असतं तर पहिल्या पानावर हेच मजकूर आले असते. ते अभंगात आले, टाळ-मृदंगावर गायले गेले आणि म्हणून आपल्यापर्यंत पोचले. १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या पैशानं, इंदुप्रकाश छापखान्यात, विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादलेल्या गाथेचा पहिला भाग छापून निघाला. सरकारनं त्यासाठी २४ हजार रुपये दिले होते, आणि त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारावेत अशी होती. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आले. पुढे १९५० मध्ये, तुकोबांच्या वैकुंठगमनाला ३०० वर्षं झाली तेव्हा, सरकारनं गाथा पुन्हा काढली. घरोघरी दिसणारी सरकारी गाथा ती हीच. पण छापखाना येण्याआधी सव्वादोनशे वर्षं हे शब्द वह्यांत आणि गळ्यांत टिकून होते. एका दुकानदाराच्या घरावर आलेल्या संकटाची हकीकत एवढा काळ जिवंत राहिली, कारण ती गाता येत होती.

गाथा मंदिरात मुलांना घेऊन जाते तेव्हा मी त्यांना भिंतीवरचे अभंग नुसते बघत फिरू देत नाही. संगमरवरावर कोरलेल्या त्या हजारो ओळींत हरवून जायला वेळ लागत नाही, आणि मग मुलं फक्त उंची मोजतात. म्हणून मी काम नेमून देते. एका गटानं शेतीची अवजारं आणि पिकं शोधायची, दुसऱ्यानं बाजारातल्या वस्तू, तिसऱ्यानं प्राणी, चौथ्यानं आईबाप आणि लेकरं. मुलं वह्या काढतात आणि माना वर करून शोधायला लागतात. वजन, माप, बी, पेरणी, भांडवल, व्याज, कुत्रं, माकड, दूध पिणारं मूल, रडणारं मूल, हट्ट करणारं मूल. परतताना याद्या वाचून दाखवायला सांगितल्या की वर्गात एक गोष्ट आपोआप कळते: हा माणूस आपल्यासारख्याच घरात राहत होता.

आणि त्या घरात तुकोबांची दुसरी बायको जिजाई होती. तिच्याविषयी या पुस्तकात एक स्वतंत्र लेख आहे, तरी इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. कीर्तनांत, नाटकांत तिला तोंडाळ म्हणून रंगवायची जुनी सवय आहे. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये गौरी यांनी उभी केलेली जिजाई मला म्हणूनच फार मोलाची वाटते. ती भांडते, कारण चूल तिला पेटवायची आहे. दामले-फत्तेलालांनी तिला हसण्यावारी नेलं नाही. भंडारा डोंगरावर नवऱ्याची भाकरी घेऊन चढणारी जिजाई आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तिच्या पायात काटा रुतल्याची गोष्ट आजी सांगते, मावशी सांगते. मला मात्र तिचा पुढचा काळ अधिक खुणावतो. १६५० मध्ये तुकोबा गेले. परंपरा सांगते की धाकटा नारायण तेव्हा तिच्या पोटात होता. म्हणजे या मुलानं बापाला पाहिलंच नाही. बाप त्याला कळला असेल तो आईच्या तोंडून आणि गावातल्या भजनातून. याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आज लाखो माणसं ज्या पालखी सोहळ्यात चालतात त्याची सुरुवात बापाचा चेहरा न पाहिलेल्या एका मुलानं केली. कुणी तरी त्याला बापाविषयी नीट सांगितलं असणार. राग होता तोही सांगितला असेल, भूक होती तीही सांगितली असेल, आणि तरीही त्याच्या मनात बापाविषयी एवढी ओढ शिल्लक राहिली. पालक म्हणून यापेक्षा अवघड काम मला दिसत नाही. इतिहासात जिजाईच्या नावावर हे काम कुणी मांडलेलं नाही. मी मांडते.

आता शाळेकडे येते, कारण पुस्तकाचं नाव तिथूनच आलं आहे.

मोठ्या अभंगाची रचना मुलांना शिकवायला सोपी आहे. चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळायला हवं. ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. मात्रा, गण, लघु-गुरू यांचा कसलाही जाच नाही. बोटांच्या पेरांवर मोजता येतं. नांगर धरणाऱ्याला, जातं ओढणाऱ्या बाईला, कुणालाही रचता यावं अशी ही घडण आहे, आणि इतक्या जातींच्या, इतक्या व्यवसायांच्या माणसांनी अभंग रचले त्याचं एक कारण मला यातच दिसतं. पाठ्यपुस्तकातला अभंग शिकवून झाला की मी मुलांना सांगते: आता तुमच्या घरातला सांगा. देवाचं नाव आलंच पाहिजे असं नाही. सकाळपासून काय काय पाहिलं ते सहा अक्षरांत बसतं का बघा.

पहिल्यांदा सगळे देवळाविषयी लिहितात. मोर येतो, पाऊस येतो, आई थोर असते. मी थांबते. मग एखादं मूल पेरांवर मोजत मोजत म्हणतं, ‘मॅडम, कंपनीची बस. बरोबर सहा.’ वर्गात हे एकदा झालं की कोंडी फुटते. सगळ्यांच्या लक्षात येतं की आपलंही बसतं. त्या दिवशी त्या मुलानं वहीवर खाडाखोड करत चरण पुरे केले:

कंपनीची बस । पप्पा झोपलेले । दार लोटलेले । सकाळचे ॥

वडील तिसऱ्या पाळीला जाणारे. ते सकाळी घरी येतात आणि मूल शाळेला निघतं. एका खोलीच्या घरात बापाची झोप मोडू नये म्हणून दार लोटून, चपला हातात घेऊन बाहेर यायचं. यात तक्रार नाही, कौतुक नाही, उपमाही नाही. जे दिसलं ते आहे. मी फळ्यावर ते लिहिलं, भजनी ठेक्यात म्हणून दाखवलं आणि सगळ्या वर्गानं मागून म्हटलं. चौथ्या चरणात अक्षरं कमी असतात म्हणून तिथे आवाज थोडा लांबवावा लागतो. ‘सकाळचे’ म्हणताना तो लांबला, आणि ज्या ज्या मुलांचे वडील नाइटला जातात ती एकमेकांकडे बघायला लागली. वर्गात अशी किती मुलं आहेत ते हजेरीपटावरून मला कधीच कळलं नसतं.

त्यानंतर वह्यांमधून जे आलं ते या पुस्तकाचा कणा आहे. ठेकेदारानं दिलेला ‘ब्रेक’, म्हणजे काही महिने भरले की माणसाला घरी बसवायचं आणि पुन्हा नव्यानं घ्यायचं, हे मुलांना आमच्यापेक्षा लवकर कळतं. परमनंट असलेल्या काकाकडे आणि कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या वडिलांकडे नातेवाईक वेगळ्या नजरेनं बघतात हेही त्यांना दिसतं. चाकण चौकातल्या वाहतूक कोंडीत अडकलेली बस, बोट गमावलेला शेजारी, गावाकडे राहिलेली आजी, व्हिडिओ कॉलवरची तिची गाय. बिहारहून आलेली एक मुलगी घरी भोजपुरी बोलते. तिनं अभंगात मराठीच लिहिलं, पण आईनं पोळीला दिलेलं नाव मात्र आपल्या घरचंच ठेवलं. यमक त्यावरच जुळवलं होतं. मी ते बदललं नाही.

भाषेचा प्रश्न २०२५ मध्ये फार तापला. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला की पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवावी. विरोध झाला, जूनमध्ये सुधारित निर्णय आला, पुन्हा विरोध झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या काळात शिक्षक म्हणून मला बोलायला सांगितलं जाई, आणि माझं म्हणणं मी तेव्हाही लपवलं नाही. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांच्या लेखी अभ्यासाचं ओझं घालू नये. आधी एका भाषेत त्याला मनातलं सगळं बोलता यावं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली तेही योग्य झालं. पण ज्या मुलांच्या घरी मराठी नाही, त्यांना ती प्रेमानं कशी शिकवायची याची तयारी शासन निर्णयातून होत नाही. ती वर्गात होते, आणि त्यासाठी वर्गात मुलं कमी हवीत, शिक्षकाला जनगणना, निवडणुका आणि माहिती भरण्याच्या कामांतून मोकळीक हवी. अभंग त्या कामात मला जेवढा उपयोगी पडला तेवढं दुसरं काही पडलं नाही. ठेक्यावर म्हटलेला शब्द मूल विसरत नाही, आणि समुदायात म्हणताना उच्चार चुकला तरी कुणी हसत नाही.

माझ्या घरी गाणं आलं ते वडिलांकडून. अण्णा दिंडीत पखवाज वाजवत. भजनाच्या आधी परातीत कणीक भिजवायची, ती पखवाजाच्या डाव्या अंगाला थापायची, थोडी कमी, थोडी जास्त, बोटानं दाबून, थाप मारून ऐकायचं, मग पुन्हा थोडी काढायची. उजव्या अंगाचा स्वर हातोडीनं गठ्ठे ठोकून मिळवायचा. हे सगळं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. लहानपणी मला वाटे की भजन अजून सुरूच झालेलं नाही. आता वाटतं की ऐकण्याचं खरं शिक्षण मला तिथेच मिळालं. भजन संपल्यावर ती कणीक खरवडून काढायची आणि कातडं स्वच्छ पुसायचं, हे काम माझ्याकडे असे.

टाळाचंही तसंच. नवं मूल टाळ हातात आला की जीव खाऊन वाजवतं. त्याला वाटतं, मोठा आवाज म्हणजे चांगली साथ. मुरलेला टाळकरी दोरी बोटांना नीट वेढून घेतो, विणेकऱ्याकडे कान देतो, चाल उचलणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवतो. पखवाज दुप्पट लयीत गेला की हातानं नाही, कानानं पुढे जायचं असतं. वीस-पंचवीस टाळांत आपला टाळ वेगळा ऐकू येत असेल तर तो चुकतो आहे. हे मी मुलांना सांगते, आणि घरी माझ्या मुलांना बातम्या दाखवतानाही मनात हेच असतं. एखाद्या घटनेवर सगळे एकदम बोलायला लागले की आपला आवाज त्यांच्याहून मोठा करण्याआधी मूळ चाल कोण म्हणतं आहे ते ऐकावं.

आमच्या पट्ट्यातल्या भजनी मंडळांवर अजून कुणी नीट अभ्यास केल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि तो व्हायला हवा. शेतकऱ्यांची मंडळं कामगारांची झाली. एकादशीच्या भजनाला कोण येणार हे पाळीवरून ठरू लागलं. पहिल्या पाळीचा पखवाजी आणि दुसऱ्या पाळीचा गायक यांची गाठ रविवारीच पडते. कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांनी या माणसांना एक मंच दिला. त्यातल्या काहींनी तिथे जाण्यासाठी हार्मोनियम शिकून घेतली, काळी दोन की काळी चार यावर वाद घातले, भैरवीची नवी चाल बांधली. दिवसभर यंत्रावर उभा राहिलेला माणूस रात्री मांडी घालून वरच्या पट्टीत आलाप घेतो तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा दिसतात. रियाज झालेला गळा नसतो तो. पण त्या गाण्यात जी गरज असते ती मला मोठमोठ्या मैफलींत क्वचितच भेटली. पंडित भीमसेन जोशींचे अभंग मी पुन्हा पुन्हा ऐकते, लताबाईंनी श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर गायलेले तुकोबांचे अभंग आमच्या घरात सणासारखे लागतात. तरी माझ्या मुलांनी मंडळाचं भजनही ऐकावं, शेवटपर्यंत बसून ऐकावं, असा माझा हट्ट असतो.

गाण्याविषयीच्या लेखांपैकी एक ‘आधी बीज एकले’वर आहे. हे तुकोबांचं म्हणून कितीतरी घरांत म्हटलं जातं. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी, प्रभातच्या चित्रपटासाठी. केशवराव भोळे यांचं संगीत आणि विष्णुपंत पागनीस यांचा आवाज असा काही जुळून आला की अभ्यासकांनीही ते गाथेत शोधलं. काही जण मला म्हणतात, मुलांना हे कशाला सांगता, श्रद्धा राहू द्या. मला वाटतं, सांगितलंच पाहिजे. पुण्यातला एक तरुण कवी तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या इतका जवळ जाऊ शकतो, हे कळल्यानं मुलांना धीर येतो. लिहिणाऱ्याचं नाव त्याला मिळालं पाहिजे, हेही त्यातून शिकवता येतं, आणि आज मोबाइलवर काहीही कुणाच्याही नावावर फिरतं, अशा दिवसांत हे शिकवणं फार गरजेचं आहे.

देहूरोडच्या मुलांनी माझ्या वर्गात दुसरं गाणं आणलं. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या विहाराजवळच्या वस्तीत वाढलेल्या मुलांना वामनदादा कर्डकांची गाणी पाठ असतात. एका स्नेहसंमेलनात मी अभंग आणि भीमगीत लागोपाठ ठेवलं. ढोलकी आणि पखवाज एका मंचावर आले. माझ्या मुलीनं त्या दिवशी पखवाज वाजवला. मुलीनं पखवाज धरावा का, अशी कुजबुज आधी होती. पहिल्या थापेनंतर ती थांबली आणि पुन्हा ऐकू आली नाही. देहूहून पालखी निघते तेव्हा तिची पहिली अभंग आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. ज्या गावाची वाट अशी सुरू होते, तिथल्या शाळेचा कार्यक्रम वेगळा कसा असेल?

चालू घडामोडींवरचे लेख लिहिताना मी एक बंधन पाळलं. जी घटना माझ्या वर्गापर्यंत किंवा घरापर्यंत आली नाही, तिच्यावर लिहायचं नाही. त्यामुळे जगातल्या कितीतरी मोठ्या गोष्टी इथे नाहीत. २०२० मधलं प्रस्थान आहे, मोजक्या माणसांत झालेलं. ३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ज्या रस्त्यावर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते तिथे गावातली माणसं आपापल्या दारात उभी राहून हात जोडत होती. माझा मुलगा तेव्हा लहान होता. त्यानं विचारलं, ‘आई, चालत गेलं नाही तर वारी होते का?’ याचं उत्तर मी त्याला एका वाक्यात दिलं नाही. तो लेखच त्याचं उत्तर आहे.

कुंडमळ्यावरचा लेख लिहायला सर्वांत जड गेला. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळा उघडल्या. प्रवेशोत्सव होता, गुलाबाची फुलं होती, नवी पुस्तकं होती, आणि मुलं फक्त पुलाविषयी बोलत होती. बहुतेकांनी मोबाइलवर सगळं पाहिलेलं होतं. कुणाच्या ओळखीचे तिथे गेलेले होते. मला सूचना होती की पहिला दिवस आनंदाचा ठेवावा. मी फुलं वाटली आणि मग खडू हातात घेऊन फळ्यावर पूल काढला. लोखंड गंजतं म्हणजे त्याचं काय होतं, पाण्याजवळ ते लवकर का गंजतं, एका वेळी शंभर माणसं उभी राहिली तर वजन किती होतं, हे मुलांनीच हिशेब करून सांगितलं. माणशी पन्नास किलो धरले तरी पाच हजार किलो. वर दुचाकी. धोक्याच्या सूचना होत्या, मग माणसं का गेली? जुना पूल वेळेवर का काढला नाही? यातल्या काही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती, काहींची उत्तरं ज्यांनी द्यायची त्यांनी अजून दिलेली नाहीत, असं मी मुलांना स्पष्ट सांगितलं. पूल कोसळल्यानंतर तीन दिवसांनी, १८ जूनला, पालखीचं प्रस्थान झालं. गावात आनंद होता आणि तोही खरा होता. मुलं टाळ घेऊन उभी होती. पूल पाण्यात होता ते विसरून नव्हे, ते माहीत असूनच ती गात होती. दुःख कळलेल्या मुलाचं गाणं कमी होत नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

तीच नदी. कुरवंड्याजवळ उगम पावून कामशेत, देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळणारी. घरगुती सांडपाण्यातला साबण, डिटर्जंट आणि कारखान्यांचं रासायनिक पाणी प्रक्रिया न होता नदीत येतं. ते बंधाऱ्यावरून खाली आदळतं तेव्हा घुसळलं जाऊन फेस होतो. आळंदीत तो बर्फासारखा दिसतो आणि दूरचित्रवाणीवर झळकतो. बातमी फेसाची होते. फेस नसलेल्या दिवशी तेच पाणी तितकंच घाण असतं, याची बातमी होत नाही. मे २०२५ मध्ये चिखलीजवळ निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले पाडले गेले तेव्हा मुलांनी विचारलं की पूररेषा कोण आखतो आणि घर बांधून होईपर्यंत ती कुणाला दिसत कशी नाही. मी त्यांना गावातल्या जुन्या माणसांकडे पाठवलं, कुठल्या साली पाणी कुठवर आलं होतं ते विचारून यायला. त्यांनी आणलेल्या माहितीवरून वर्गानं काढलेला नकाशा नदीवरच्या लेखाबरोबर छापला आहे. काळ्या शाईत असला तरी नीट वाचता येतो.

तुकोबांची गाथा ज्या पाण्यात बुडवावी लागली, असं परंपरा सांगते, त्या पाण्याविषयी देहूच्या माणसाला विशेष काही वाटायला हवं. वारीच्या दिवसांपुरतं धरणातून पाणी सोडून नदी बरी दिसेल अशी व्यवस्था करणं, हे त्या पाण्याचा मान राखणं नाही. घराघरातलं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी शुद्ध करूनच नदीत सोडायचं, हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटन करायला गर्दी जमत नाही, पण करायचं ते तेवढंच आहे. आमच्या लेकरांना तीर्थ म्हणून ओंजळीत घेता येईल असं पाणी हवं. मी हे इथे लिहिते आहे आणि प्रत्येक व्यासपीठावर बोलत राहणार आहे.

लेखांचा क्रम मी सालांप्रमाणे लावलेला नाही. शाळेच्या वर्षाप्रमाणे लावला आहे, जूनपासून मेपर्यंत. त्यामुळे २०२० चा लेख २०२५ च्या लेखानंतर येतो, आणि एखाद्या लेखात माझी मुलगी नववीत आहे तर पुढच्यात ती दुसरीत. वाचकाला सुरुवातीला अडखळल्यासारखं होईल, पण शिक्षकाचं आयुष्य असंच जातं. मुलं मोठी होतात आणि दर जूनला पुन्हा तेवढ्याच वयाची समोर येऊन बसतात.

हे लिखाण ज्यांनी वेळोवेळी वाचलं त्या सहकारी शिक्षकांचे, घरचं काम वाटून घेणाऱ्या माझ्या माणसांचे, आणि रविवारच्या भजनाला मला टाळ देऊन शेजारी बसवणाऱ्या मंडळातल्या बायकांचे आभार मानते. अण्णांनी यातलं काही वाचलं नाही. ते असते तर आधी पट्टी कोणती धरली ते विचारलं असतं. मुलांच्या ओळी त्यांच्या पालकांना विचारून घेतल्या आहेत आणि मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. वहीत होत्या तशाच त्या ठेवल्या आहेत. काही ठिकाणी सहाऐवजी सात अक्षरं झाली आहेत. मुद्रितशोधकांनी त्यावर खुणा केल्या होत्या. त्या मी काढून टाकायला सांगितल्या.

देहू, फाल्गुन वद्य